गाळलेल्या जागा

कुकरची शिट्टी वर उचलली गेली, वाफेचा फवारा भिंतीवर उडाला आणि शिट्टी पुन्हा खाली बसली. आवाज मात्र झाला नाही. चारुशीला भोईटे ओट्याशीच उभ्या होत्या. त्यांनी उजव्या कानामागची चकती दाबून पाहिली, मग कमरेला खोचलेली डबी बाहेर काढली. डबीवरचा दिवा हिरवा होता, म्हणजे बॅटरी शाबूत होती. पण छोट्या पडद्यावर एकच ओळ थबकून राहिली होती : ‘यंत्र सापडले नाही.’

त्यांनी गॅस बंद केला, डोक्यावरून ओढणी घेतली आणि तशाच पोवई नाक्याकडे निघाल्या. रस्त्यावर माणसं तोंडं हलवत होती, गाड्या अंगावर येऊन अचानक थांबत होत्या. सातारच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभी हयात गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. आवाज हाच त्यांचा व्यवसाय. मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. तेव्हा डॉक्टरांनी ‘कर्णिका’ बसवली. बाहेरची चकती आवाज टिपायची, खिशातली डबी त्याचे विद्युतसंकेत बनवायची आणि कानाच्या आतल्या शंखात सोडलेली केसासारखी तार ते संकेत थेट मज्जातंतूला द्यायची. त्या तारेवर ओळीने विद्युतबिंदू होते. प्रत्येक बिंदू एका पट्टीतल्या सुरांसाठी. खर्जाचे आत खोल, तीव्र सुरांचे बाहेरच्या टोकाला.

कर्णिका आता चष्म्याइतकी साधी गोष्ट झाली होती. फक्त ती बनवणारी परदेशी कंपनी बुडाली होती. डोक्यात बसवलेलं यंत्र काही परत करता येत नाही. तेव्हा वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन डबीवर मुक्त प्रणाली चढवली होती. या प्रणालीचा संगणकी मजकूर कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. साताऱ्यात हे काम रेहाना मुजावर करायची.

रेहानाचं दुकान म्हणजे अनाथ यंत्रांचा दवाखाना होता. इन्सुलिनचे पंप, रिक्षांचे कंट्रोलर, कृत्रिम हात, सगळं फडताळात ओळीने मांडलेलं. चारुशीलाबाईंना पाहताच ती उठली. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. ती बोलेल ते पडद्यावर अक्षरांत उमटत होतं.

“काकू, काल रात्री प्रणाली अद्ययावत झाली का?”

“आपोआपच झाली. मी कशालाच हात लावला नाही गं.” आपलाच आवाज ऐकू येत नसल्यामुळे बाई जरा मोठ्यांदा बोलल्या.

“मग तेच झालंय. घाबरू नका. यंत्र ठीक असणार, दुभाषा रुसलाय.”

दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. प्रणालीला कर्णिकेची भाषा कळत नाही, कर्णिकेला प्रणालीची. ड्रायव्हर मधे बसून दोघांचं एकमेकांना समजावून सांगतो. आजवर डबीत कंपनीचाच जुना ड्रायव्हर चालू होता. तो बंद पाकिटासारखा होता. काम करायचा, पण आत काय लिहिलंय ते कुणालाच वाचता यायचं नाही. प्रणालीच्या नव्या गाभ्याने असली बंद पाकिटं स्वीकारायचं थांबवलं होतं.

“आमच्या गटाने नवा ड्रायव्हर लिहिलाय,” रेहाना म्हणाली. “उघडा. कुणीही वाचावा असा. कंपनीचं यंत्र कसं वागतं हे बघून बघून लिहिलाय. साताऱ्यात पहिला तुमच्याच कानात.”

“चालेल ना तो?”

“चालवू की.”

ते मात्र सहज झालं नाही. रेहानाने डबी आपल्या संगणकाला जोडली. प्रणालीला कर्णिका दिसत होती, पण ‘अनोळखी’ म्हणून. तिने नवा ड्रायव्हर चढवला, तरी दिवा लागेना. बराच वेळ ती ओळी वाचत बसली. मग तिच्या लक्षात आलं की जुना ड्रायव्हर पुरता गेलाच नव्हता. अर्धवट जागा होऊन तोही त्याच यंत्रावर हात टाकत होता, आणि दोघांच्या ओढाताणीत यंत्र कुणालाच मिळत नव्हतं. तिने जुन्याचं नाव बंदीच्या यादीत टाकलं आणि डबी पुन्हा सुरू केली. कर्णिकेच्या आतल्या चिपसाठीची फाईल नवा ड्रायव्हर वेगळ्याच नावाने शोधत होता. तेही तिने जुळवून दिलं. चकतीवर निळा ठिपका उजळला.

चारुशीलाबाईंच्या डोक्यात कुणीतरी विहिरीच्या तळातून बोलू लागलं.

“आ-ऊ, ऐ-ऊ ए-अं आ?”

त्यांनी फोनच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं : काकू, ऐकू येतंय का?

“आवाज येतोय, पण शब्द फुटत नाहीत. नुसता आ-ऊ, आ-ऊ.”

रेहानाचा चेहरा पडला. आपल्याच ड्रायव्हरमध्ये खोट राहिली असणार, असं तिला वाटलं. शब्दातले स्वर खालच्या पट्टीत वाहतात. व्यंजनांचे बारीक फटकारे, क, त, ध, स यांचे, वरच्या पट्टीत असतात. म्हणजे वरचे सूर कुठेतरी सांडत होते. तिने तारेवरच्या एकेका बिंदूतून प्रवाह सोडून पाहिला. आतले बिंदू उत्तर देत होते. बाहेरच्या टोकाचे, तीव्र सुरांचे, सगळे मुके. त्यांतून वीज पुढे जातच नव्हती. आणि आतल्या चिपच्या स्मृतीनुसार ते काही कालपरवा गेले नव्हते.

“काकू, हे बिंदू पाच-सहा वर्षांपूर्वीच मेलेत.”

“काहीतरीच काय! अगं, काल रात्रीपर्यंत मला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मृणालशी तासभर फोनवर बोलले मी.”

“तेच मला कळत नाहीये.”

फडताळातून रेहानाने एक जुना लॅपटॉप काढला. त्यात प्रणालीचा जुना गाभा होता आणि कंपनीचा बंद ड्रायव्हरही. तिने डबीऐवजी तोच कर्णिकेला जोडला. क्षणभर खरखर झाली, आणि चारुशीलाबाईंचा चेहरा उजळला.

“आलं! आलं बाई! तुझा आवाज, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न... शेजारच्या रसवंतीचं घुंगरूसुद्धा वाजतंय बघ.”

रेहाना हसत होती ती थांबली. ती दारापर्यंत गेली आणि तिने बाहेर पाहिलं. परत आली तेव्हा तिचा रंग उतरला होता.

“काकू, घुंगरू अजून वाजतंय?”

“हो. छुम छुम चालू आहे.”

“रसवंती बंद आहे. तो माणूस गावाला गेलाय. शटर खाली आहे.”

चारुशीलाबाईंना ते खरं वाटेना. त्या स्वतः उठून, वायर सांभाळत दाराशी आल्या. शटरला कुलूप होतं. चरक, घुंगरू, सगळं शटरच्या आड. पण या दुकानात आलं की ते घुंगरू ऐकायची त्यांना सवय होती. त्यांच्या कानात ते अजूनही वाजत होतं. पाहता पाहता, शटरवर नजर ठेवूनच, ते हळूहळू विरत गेलं आणि बंद झालं.

त्या खुर्चीवर येऊन बसल्या. “हे काय आहे, रेहाना?”

“बघू. तुम्ही माझ्याकडे पाठ करा. मी एक शब्द म्हणेन, तुम्ही ऐकलेला सांगा. स्वयंपाकघरातला शब्द.”

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. शब्द आला.

“डाळ,” त्या म्हणाल्या.

“आता पुरानंतर नदीकाठी काय साचतं?”

“गाळ. स्पष्ट ऐकला.”

“आता आगीतला एक शब्द.”

“जाळ. अगदी स्पष्ट. बरोबर ना सगळे?”

चारुशीलाबाई वळल्या. रेहाना तोंडावर हात धरून उभी होती.

“काकू, मी तीनदा एकच शब्द म्हटला. त्यात पहिलं व्यंजनच नव्हतं. मी नुसतं ‘आळ’ म्हणत होते.”

आपण बसलो आहोत ती खुर्ची एकदम खाली गेल्यासारखं चारुशीलाबाईंना वाटलं. डाळ, गाळ आणि जाळ, प्रत्येकातलं पहिलं अक्षर त्यांनी ऐकलं होतं. अंदाजाने ओळखलं नव्हतं, कानांनी ऐकलं होतं. रेहानाच्याच आवाजात.

रेहाना संगणकापाशी गेली. जुना ड्रायव्हर चालू असताना तारेवरून काय जातं-येतं ते ती पाहू लागली. तिला आढळलं की त्या तारेवर वाहतूक दुतर्फा होती. कान नुसता मेंदूला कळवत नाही. मेंदूही कानाला सतत काहीतरी सांगत असतो, पुढे काय ऐकू येईल याचा अंदाज तो कानापर्यंत पोचवतो. निसर्गाचीच ती सोय आहे, गोंगाटात ओळखीचा आवाज निवडता यावा म्हणून. कंपनीच्या ड्रायव्हरने ती उलटी वाट हेरली होती. बिंदू निकामी होऊ लागले तसा तो उरलेल्या स्वरांवर मेंदूचाच अंदाज चढवून देत होता. परीक्षेत गाळलेल्या जागा भराव्यात तशा.

“म्हणजे यंत्र बिघडलंय हे कळूच नये म्हणून?”

“तसंच दिसतंय. तक्रार येऊ नये म्हणून. जे ऐकू आलं नाही ते त्याने तुमच्याच मेंदूला विचारलं आणि तुम्हालाच ऐकवलं.”

चारुशीलाबाई काहीतरी पुटपुटल्या.

“काय म्हणालात?”

“धरा,” त्या म्हणाल्या. “तो म्हणत होता, मी ‘धरा’ म्हणालो. शेवटपर्यंत तेच म्हणत होता.”

रेहानाला ते प्रकरण ठाऊक होतं. साताऱ्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं? चारुशीलाबाईंच्या वरच्या मजल्यावर अण्णा शेंडे राहायचे, वयाने थकलेले, पायांनी अधू. त्यांची मुलगी मृणाल नोकरीला जायची, म्हणून तिने अण्णांना सांभाळायला समाधान वायदंडे नावाचा तरुण ठेवला होता. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो अण्णांना फिरायला खाली आणत होता. चारुशीलाबाई आपल्या दाराला कुलूप लावत पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी वरून ओरडणं ऐकलं, “मरा! मरा, अण्णा!” मग धडाधड आवाज. वळून पाहतात तो अण्णा जिन्याच्या वळणावर निपचित पडलेले आणि वर हात पुढे केलेला समाधान.

अण्णांच्या दंडावर बोटांचे वळ होते. सरकारी वकील म्हणाले, ढकलताना उठले. समाधान म्हणाला, पकडताना उठले. ‘अण्णा, कठडा धरा, असं मी ओरडत होतो.’ त्याच्या वकिलाने कोर्टात विचारलं होतं, “जिवावर उठलेला माणूस ‘मर’ म्हणेल की आदराने ‘मरा’ म्हणेल?” लोक हसले होते. चारुशीलाबाई हसल्या नव्हत्या. त्या शपथेवर ठाम राहिल्या, “मी माझ्या कानांनी ऐकलं.” वकिलाने कानांवर शंका घेतली तेव्हा तपासणी झाली. तज्ज्ञाने वाक्यं वाचली, बाईंनी एकूणएक बिनचूक सांगितली. ती वाक्यं अर्थपूर्ण होती, रोजच्या बोलण्यातली. गाळलेल्या जागा सहज भरता येण्यासारखी.

सदोष मनुष्यवधाबद्दल समाधानला दहा वर्षांची शिक्षा झाली.

“रेहाना, माझ्या मागे उभी राहा,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “आणि ‘धरा’ म्हण.”

“काकू, आज नको. तुम्ही आधी पाणी प्या.”

“म्हण!”

रेहाना मागे गेली. बाईंनी डोळे मिटले, तो जिना आठवला, तो पुढे केलेला हात आठवला. “म्हण,” त्या पुन्हा म्हणाल्या. शब्द आला. मग त्यांनी धाकट्या भाचीला आठवलं, पहिली पावलं टाकणारी, तोल जाणारी. पुन्हा शब्द आला.

त्या वळल्या. “दोन्ही वेळा तू ‘धरा’च म्हणालीस ना?”

“हो.”

“पहिल्यांदा मी ‘मरा’ ऐकलं.”

*

मृणालला सांगणं भाग होतं. अण्णा गेल्यापासून ती चारुशीलाबाईंकडेच रविवारी जेवायला यायची. आईच्या जागी मानायची. बाई आता नव्या ड्रायव्हरवर होत्या. जुना पुन्हा कानाला लावायची त्यांची छाती होत नव्हती. समोर फोन ठेवून, मृणालचं बोलणं वाचत, त्यांनी सगळं सांगितलं.

मृणाल आधी हसली. तिला वाटलं बाईंची तब्येत बरी नाही. मग तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“म्हणजे माझ्या बाबांना कुणी मारलंच नाही?”

“मारलं की नाही ते मला माहीत नाही, मृणाल. मी ते ऐकलं नाही, एवढंच.”

“तुम्ही ऐकलंत! माझ्या समोर, कोर्टात, हात वर करून सांगितलंत. रात्र रात्र मी जागी असायचे तेव्हा तुम्हीच म्हणायचात, निदान गुन्हेगार तरी सापडला. मी त्याच्या आईला दारातून हाकललं, काकू. ती पाया पडायला आली होती. मी तिला काय काय बोलले...”

पडद्यावरची अक्षरं थांबली. मृणाल उठून खिडकीशी गेली. तिचे खांदे हलत होते, पण चारुशीलाबाईंना नव्या ड्रायव्हरमधून फक्त एक लांबलेला, गहिरा स्वर ऐकू येत होता. तो रडण्याचा होता की संतापाचा, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मृणालने तो झटकला.

जाताना ती दारात थांबली. “तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही तर?”

“मी रेहानाला सांगितलंय.”

“रेहाना सोडून.”

चारुशीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी तिला कडेवर घेऊन जिना चढणाऱ्या बापाची मुलगी होती ती. तिला बाप दुसऱ्यांदा गमावायचा नव्हता. “मी उद्या वकिलांकडे जाणार आहे,” बाई म्हणाल्या. मृणालने दार ओढून घेतलं. पुढच्या रविवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही.

*

समाधानचं अपील कोल्हापूरला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे पडून होतं. नव्या पुराव्याचा अर्ज दाखल झाला आणि चारुशीलाबाई दुसऱ्यांदा साक्षीला उभ्या राहिल्या. या वेळी त्यांच्यासमोर अक्षरांचा पडदा होता.

रेहानाने कोर्टात अक्षरांचा पडदा बंद करून, जुना ड्रायव्हर लावून प्रयोग करून दाखवला. तो बनाव वाटू नये म्हणून शब्द न्यायमूर्तीबाईंनी स्वतः निवडले आणि कापडी आडोशामागून त्याच बोलल्या. तोच शब्द, तेच स्वर, आणि चारुशीलाबाईंना प्रत्येक वेळी संदर्भाप्रमाणे वेगळा शब्द ऐकू आला. टंकलेखकाचाही हात थांबला.

सरकारी वकील उठले. “बाई, तेव्हाही तुम्ही शपथेवर बोललात, आजही शपथेवर बोलताय. यातलं खरं कुठलं मानायचं?”

“दोन्ही वेळा मी खोटं बोलले नाही.”

“म्हणजे तो ‘धरा’ म्हणाला, असं आज तुमचं म्हणणं आहे?”

“नाही. ते मी सांगू शकत नाही. मला पहिलं अक्षर ऐकूच आलं नव्हतं. ‘मरा’ मी ऐकलं नाही, एवढंच मला माहीत आहे. दोष यंत्राचा होता, साहेब. यंत्राने मला फसवलं.”

न्यायमूर्तींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं बोलणं निकालापेक्षा स्वतःशीच अधिक होतं. “माझ्या आईला हेच यंत्र आहे,” त्या म्हणाल्या. एवढंच बोलून त्यांनी पुढची तारीख दिली.

त्या तारखेला समाधानची शिक्षा स्थगित झाली. अपिलाचा अंतिम निकाल व्हायचा होता, पण तोवर तो जामिनावर सुटणार होता.

मधल्या काळात रेहानाने सगळा शोध कर्णिकावाल्यांच्या गटापुढे मांडला. तिला वाटलं होतं, लोक हादरतील आणि आभार मानतील. लोक हादरले खरे. नागपूरच्या एका गृहस्थांनी लिहिलं की वडिलांनी मरताना क्षमा केली ती मी ऐकली होती, आता मी काय समजू? एका बाईने लिहिलं की नवऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या एका वाक्यावरून मी घर सोडलं. पण त्याहून जास्त पत्रं वेगळीच होती. ‘आम्हाला जुना ड्रायव्हर परत द्या. तुमचं सत्य तुमच्यापाशी ठेवा, नातवाचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू यायचं.’ रेहाना ती पत्रं पुन्हा पुन्हा वाचायची. तिने कुणाचा तरी कान दुरुस्त केला होता की हिरावून घेतला होता, हे तिला ठरवता येत नव्हतं.

चारुशीलाबाई आता रोज दुकानात यायच्या. उघड्या ड्रायव्हरमध्ये सुधारणा चालल्या होत्या आणि त्यांचा कान तपासणीला होता. उरलेल्या बिंदूंवर व्यंजनं कशी बसवता येतील याचे प्रयोग रेहाना करायची. कधी ‘त’ सापडायचा, कधी ‘स’. बाकी सारं धूसर. बाई म्हणायच्या, “असू दे. जे आलं ते आलं, नाही आलं ते नाही आलं.” त्या आता लोकांना पुन्हा विचारायच्या, “काय म्हणालात?” त्यांना त्याची लाज वाटेनाशी झाली होती. रात्री झोपही लागू लागली होती. आपल्या हातून चूक झाली होती, पण ती यंत्राने करवली होती, आणि आपण ती निस्तरली होती. कोर्टानेही ते मान्य केलं होतं.

अशाच एका दुपारी दुकानाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. सदरा ढगळ होत होता, कानशिलांवरचे केस पिकले होते. चारुशीलाबाईंनी त्याला आधी ओळखलं नाही. ओळखलं तेव्हा त्या ताडकन उठल्या.

समाधानने हात जोडले. रेहानाने घाईने फोन टेबलावर उभा केला.

“मला भांडायचं नाही,” पडद्यावर अक्षरं उमटली. “ते मशीन बघायचंय फक्त.”

रेहानाने त्याला खुर्ची दिली. तिने जुना लॅपटॉप उघडला आणि तारेचं चित्र दाखवलं. आतले जिवंत बिंदू, टोकाचे मेलेले. मेंदूकडून उलट येणारा संकेत. तो लक्ष देऊन ऐकत होता. मधेच त्याने थांबवून विचारलं, “म्हणजे हे मशीन स्वतःच्या पदरचं काही घालत नव्हतं?”

“त्याच्या पदरी काही नाहीच,” रेहाना म्हणाली. “ते फक्त काकूंच्या मेंदूला विचारायचं, इथे काय असेल? मेंदू सांगेल ते लावायचं.”

“सवयीने सांगतो मेंदू?”

“सवयीने. किंवा मनात जे तयार असेल ते.”

समाधानने मान हलवली. चारुशीलाबाईंनी घसा साफ केला. कितीतरी दिवस त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. यंत्र, कंपनी, क्षमा, सगळं त्यात होतं. “समाधान, बाळा,” त्या म्हणाल्या, “त्या यंत्राने माझा...”

त्याने हात वर केला. कठोरपणे नाही. मग तो त्यांच्याकडे वळला आणि अगदी सावकाश बोलला, एकेक शब्द सुटा करून, म्हाताऱ्या माणसांशी बोलायची सवय असलेला माणूस बोलतो तसा. पडद्याकडे न पाहताही त्यातलं बरंचसं चारुशीलाबाईंना कळलं. उरलेलं त्यांनी वाचलं.

“काकू, दीड वर्ष मी अण्णांना रोज त्या जिन्याने खाली आणत होतो. प्रत्येक पायरीला सांगायचो, अण्णा, धरा. कठडा धरा. माझा हात धरा. तुमच्या दारावरूनच जायचो आम्ही. माझ्या तोंडून दुसरा कुठला शब्द तुम्ही कधी ऐकला नसेल, इतक्या वेळा तो ऐकला असेल. मग सवय तर ‘धरा’ची होती ना? तरी त्या दिवशी मशीनने विचारलं, तेव्हा तुमच्या मनाने दुसरा शब्द का दिला?”